वारीतल्या चिखल्या आणि कातडीवरची वस्ती

आषाढी जवळ आली की बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावरून पालखी पंढरपूरची वाट धरते. डोक्यावर पाऊस, पायात भिजलेली चप्पल आणि रात्री मुक्कामाला ओलसर राहुटी. चार-सहा दिवस असे गेले की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरीफटक पडते, फुगते, तिचे पापुद्रे सुटतात. मग आग सुरू होते आणि वासही येऊ लागतो. याच चिखल्या. त्या का होतात, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात की चिखलातले जंतू पायावर चढले. उपायही त्याच समजुतीतून निघतो: गरम पाण्यात जंतुनाशक टाकून पाय खसाखसा धुवायचे, म्हणजे जंतू मरतील आणि पाय बरा होईल. निरोगी कातडी म्हणजे जंतू नसलेली कातडी, असं त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि नेमकं तेच चुकीचं आहे.

जंतू नसलेली कातडी कुणाचीच नसते. जन्म होताच बाळाच्या अंगावर सूक्ष्मजीवांची वस्ती सुरू होते आणि ती अखेरपर्यंत टिकते. शरीरात पेशींच्या दहापट जंतू असतात, हा आकडा अजूनही सर्रास सांगितला जातो. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी नव्याने हिशेब मांडला, तेव्हा तो साधारण 30 लाख कोटी पेशींना 38 लाख कोटी जिवाणू असा निघाला, म्हणजे जवळपास बरोबरीचा. यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात, कातडीच्या वाट्याला फारच थोडे येतात. पण त्यांची विविधता थक्क करणारी आहे. एलिझाबेथ ग्राइस, ज्युलिया सेग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दहा निरोगी माणसांच्या अंगावरच्या वीस जागा तपासल्या. कपाळ, नाकाची बाजू, पाठ अशा तेलकट जागी एक वस्ती, काख आणि बोटांची बेचकी अशा ओलसर जागी दुसरी, तर हाताच्या कोरड्या भागावर तिसरीच. एकाच माणसाच्या काखेत आणि हातावर फार वेगळी मंडळी राहतात. याचाच अर्थ असा की कुठे कोण राहणार, हे ठरवण्यात त्या जागेची ओल, तिचं तेल आणि आम्लता यांचा वाटा फार मोठा असतो.

ही मंडळी नुसती फुकट राहत नाहीत. कातडीतून पाझरणारं तेल काही जिवाणू फोडतात. त्यातून सुटणारी स्निग्धाम्लं कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्ल ठेवायला मदत करतात, आणि बाहेरून आलेल्या अनेक रोगजंतूंना अशी आम्ल जागा मानवत नाही. कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड गॅलो यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवलं की निरोगी कातडीवरचे काही स्टॅफिलोकोकस जिवाणू स्वतःच प्रतिजैविकासारखी द्रव्यं तयार करतात आणि गळवं उठवणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसला आवर घालतात. काही प्रकारच्या इसबाच्या रुग्णांत हे राखणदार कमी आढळले. यावर रास्त आक्षेप असा की मुरुमांशी संबंध जोडला जातो तो जिवाणूही याच वस्तीतला आहे, आणि दवाखान्यात शिरेत घातलेल्या नळीवर वाढून रक्त दूषित करणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिससुद्धा इथलाच. आक्षेप खरा आहे. पण हाच एपिडर्मिडिस कातडीवर वर्षानुवर्षं निमूट असतो आणि नळीच्या वाटेने रक्तात उतरला की घातक ठरतो. जंतूंची चांगले आणि वाईट अशी कायमची वाटणी होत नाही. जागा आणि परिस्थिती बदलली की त्यांचं वागणं बदलतं. घामाच्या वासाचंही तसंच. ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. काखेतले जिवाणू त्यातली द्रव्यं फोडतात, तेव्हा तो सुटतो. वास आला म्हणजे माणूस अस्वच्छ, हा निवाडा म्हणूनच अन्यायाचा आहे.

आता चिखल्यांकडे येऊ. त्यांच्यामागे बहुतेकदा बुरशी असते, पण ती एकटी नसते. लेडन आणि क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी 1978 मध्ये नोंदवलेली गोष्ट इथे महत्त्वाची आहे. बेचक्यात नुसता कोंडा सुटत असतो, त्या टप्प्यावर बुरशी सहज सापडते. पण कातडी भिजून पांढरी पडली, वास आणि आग वाढली की बुरशी सापडणं कमी होत जातं आणि जिवाणूंची गर्दी वाढते. बुरशी दार किलकिलं करते, ओल ते सताड उघडते आणि एरवी थोडक्यात राहणारे जिवाणू बेसुमार माजतात. म्हणून चिखलाला पाय न लावणाऱ्या, दिवसभर बंद बूट घालून कचेरीत बसणाऱ्या माणसालाही हाच त्रास होतो. बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते हे खरं, त्यामुळे चपला, मोजे आणि पंचे वेगळे ठेवलेच पाहिजेत. पण ती पायावर टिकते आणि वाढते ती मुख्यतः ओलीमुळे. म्हणून पाय साध्या पाण्याने धुऊन प्रत्येक बेचकं कोरड्या फडक्याने टिपणं, हे जंतुनाशकात पाय बुडवून ते तसेच ओले ठेवण्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचं आहे.

मग साबण टाकून द्यायचा का? मुळीच नाही. हातावर दोन प्रकारचे जंतू असतात: मुरलेले आणि नुसते येऊन चिकटलेले. जुलाब, कावीळ, सर्दी-खोकला पसरवणारे जंतू दुसऱ्या प्रकारातले, आणि साबण-पाण्याने ते निघून जातात. जेवणाआधी आणि शौचानंतर हात धुण्याला पर्याय नाही, गर्दीच्या मुक्कामावर तर नाहीच. प्रश्न आहे तो ‘जंतुनाशक’ साबणासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचा. 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह 19 द्रव्यं घरगुती साबणांतून हद्दपार केली, कारण ती साध्या साबणापेक्षा सरस आहेत हे कंपन्यांना सिद्ध करता आलं नाही. शिवाय बहुतेक वड्या अल्कधर्मी असतात. सगळं अंग दिवसातून दोन-तीनदा घासलं तर कातडीची आम्लता आणि तेल दोन्ही जातात, ती कोरडी पडून भेगाळते आणि नको त्या जंतूंना वाट मोकळी होते.

खरा धोका मात्र साबणापेक्षा मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबचा आहे. दिवाळीच्या सुमारास बीडमधून हजारो जोडपी ऊसतोडीला निघतात. महिनोन्‌महिने उन्हात, घामात, कोपीवर म्हणजे तात्पुरत्या झोपडीत बेताच्या पाण्यात दिवस काढायचे, म्हणजे गजकर्णाला सगळं अनुकूलच. बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि जोरकस स्टिरॉइड एकत्र घातलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून लोक तिला गुणकारी मानतात. थांबते ती खाज. स्टिरॉइडमुळे कातडीचा प्रतिकार दबतो आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते; ट्यूब बंद करताच गोल चट्टे पूर्वीपेक्षा मोठे होऊन उठतात. भारतात गेल्या काही वर्षांत गजकर्ण एवढं चिवट झालं आहे की त्यामागच्या बुरशीच्या एका प्रकाराला 2020 मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिई’ असं देशाची आठवण करून देणारं नाव मिळालं. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. केंद्र सरकारने 2018 मध्ये 14 स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं ठरवलं, तरी दुकानात ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की ती मिळतेच. दवाखाना दूर आणि रोज बुडाला तर मजुरी जाते, ही मजुरांची अडचण खरी आहे; त्यांना दोष देऊन काही साधणार नाही. तपासणी करणारा डॉक्टर तोडीच्या हंगामात अड्ड्यावर आणि आषाढीला मुक्कामावर पोचला पाहिजे.

वारीला किंवा तोडीला निघणाऱ्यांनी एवढं करावं: पिशवीत एक जादा सुती फडकं आणि चपलेचा दुसरा जोड ठेवावा, रात्री पाय कोरडे करून उघडे ठेवावेत, आणि स्टिरॉइड असलेली ट्यूब चिठ्ठीशिवाय लावू नये. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोज संध्याकाळी बेचकी उजेडात पाहावीत किंवा दुसऱ्याकडून पाहून घ्यावीत. पायाची जाणीव कमी झालेली असेल तर चिखलीची भेग दुखत नाही, पण तिच्यातून जिवाणू आत शिरून सगळा पाय सुजू शकतो. सूज, ताप किंवा वर चढणारी लाली दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.