नऊ महिने रस्त्यावर : फिरत्या युवा पथकांचे प्रेषितकार्य

प्रभू येशूने बहात्तर शिष्यांना जोडीजोडीने गावोगावी पाठविले, तेव्हा काय बोलावे यापेक्षा कसे राहावे याविषयीच अधिक सूचना दिल्या, असे संत लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचताना जाणवते. थैली घेऊ नये, ज्या घरात स्वागत होईल तेथेच मुक्काम करावा, पुढ्यात येईल ते खावे. या सूचना आजच्या तरुणांनी मनावर घेतल्या तर त्यांचे जीवन कसे असेल, हे पाहावयाचे असल्यास अमेरिकेतील 'नेट मिनिस्ट्रीज' या कॅथॉलिक संस्थेच्या फिरत्या पथकांकडे पाहावे.

'नॅशनल इव्हँजलायझेशन टीम्स' असे या संस्थेचे पूर्ण नाव. मार्क बर्केम या प्रापंचिकाने 1981 साली मिनेसोटा राज्यात हे कार्य सुरू केले. संस्थेचे केंद्र आजही तेथेच, वेस्ट सेंट पॉल या गावी आहे. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड आदी देशांतही अशी पथके उभी राहिली. कार्याची पद्धत मात्र मूळचीच राहिली : साधारण 18 ते 28 वर्षे वयाच्या तरुण-तरुणींनी आपल्या आयुष्यातील एक वर्ष ख्रिस्तसभेला द्यावयाचे आणि शाळकरी मुलामुलींसाठी धर्मग्रामाधर्मग्रामांतून रिट्रीट घेत फिरावयाचे.

उन्हाळ्याच्या अखेरीस हे तरुण प्रशिक्षणासाठी एकत्र येतात. प्रशिक्षण काही आठवड्यांचेच असते. त्यात प्रार्थना, धर्मशिक्षण, नाटुकली, गायन, लहान गट चालविण्याची पद्धत इत्यादी गोष्टी शिकविल्या जातात. नंतर त्यांची पथके केली जातात. कोणाबरोबर वर्ष काढावयाचे हे कोणी स्वतः निवडत नाही. एखादा शेतकऱ्याचा मुलगा, एखादी नुकतीच पदवी घेतलेली मुलगी, अठराव्या वर्षी प्रथमच घर सोडलेला कोणी, अशी दहा-बारा माणसे एका व्हॅनमध्ये बसतात. मागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये ध्वनिक्षेपक, गिटार, नाटकाचे सामान आणि सर्वांच्या बॅगा असतात. पुढचे सुमारे नऊ महिने, नाताळची सुटी वगळता, हेच त्यांचे घर.

प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सहल उभी राहते. हा प्रवास तसा नव्हे. मिनेसोटा व डकोटाच्या परिसरात हिवाळ्यात तापमान शून्याखाली 20 अंशांच्याही खाली उतरते आणि दोन धर्मग्रामांमध्ये कधी कधी कित्येक तासांचे अंतर असते. सायंकाळी एका गावातील रिट्रीट आटोपून सामान भरावयाचे, पुढच्या गावी पोहोचावयाचे, सकाळी पुन्हा तेच सामान उतरवून अनोळखी मुलांसमोर हसतमुखाने उभे राहावयाचे. यात रोजची पवित्र मिस्सा व वैयक्तिक प्रार्थनेचा वेळ सांभाळावयाचा असतो. तो निसटू लागला की त्याची पहिली खूण व्हॅनमध्येच दिसते : माणसे एकमेकांवर चिडू लागतात.

रिट्रीटचा दिवस मुलांसाठी मात्र हलकाफुलका असतो. खेळ, गाणी व नाटुकल्यांनी सुरुवात होते. मग पथकातील एखादा तरुण उभा राहून आपल्या जीवनात देवाने काय केले ते साध्या शब्दांत सांगतो. त्यानंतर लहान गटांत चर्चा, प्रार्थना आणि धर्मगुरू उपलब्ध असल्यास प्रायश्चित्त संस्कार. दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांसाठी अशी रिट्रीट विशेष करून ठेवली जाते. सोळा वर्षांच्या मुलाला प्रवचनकार पुष्कळ भेटलेले असतात. आपल्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा, क्रिकेटऐवजी बेसबॉलवर का होईना पण त्याच उत्साहाने बोलणारा आणि तरीही न लाजता गुडघे टेकणारा माणूस त्याला क्वचितच भेटतो. शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे लोक अधिक ऐकतात, ही संत पोप पॉल सहावे यांनी 1975 साली मांडलेली जाणीव येथे प्रत्यक्षात दिसते.

रात्रीचा मुक्काम हॉटेलात नसतो. धर्मग्रामातील कुटुंबे पथकाला आपल्या घरी ठेवून घेतात. मुलगे एका घरी, मुली दुसऱ्या घरी, आणि एकट्याने कोणी राहावयाचे नाही असा शिरस्ता आहे. या तरुणांसाठी कदाचित हाच सर्वांत अवघड भाग असावा. दिवसभर बोलून थकल्यावर पुन्हा जेवणाच्या टेबलावर नव्या माणसांशी तेच बोलावयाचे, वाढलेले खावयाचे, दाखविलेल्या जागी झोपावयाचे, मग ती जागा तळघरातील सोफा का असेना. पण देणे-घेणे येथे उलटे होते. सुवार्ता सांगावयास आलेला तरुण येथे घेणारा असतो. ज्या घरातील मूल चर्चला येणे सोडून चुकले आहे, तेथील आईवडील जेवणानंतर कधी मन मोकळे करतात. त्यावर बावीस वर्षांच्या पाहुण्याकडे काही उपाय नसतो. तो ऐकून घेतो आणि निघण्यापूर्वी त्यांच्याबरोबर प्रार्थना करतो.

सेवेच्या वर्षात प्रेमसंबंध जोडावयाचा नाही, असाही एक नियम आहे. बाहेरून पाहणाऱ्यास तो कडक वाटेल. पण दहा-बारा माणसांच्या पथकात दोघे एकमेकांत गुंतले की उरलेले आपोआप बाजूला पडतात, हे समजण्यास फार विचार करावा लागत नाही. शिवाय समोरची मुले सारे टिपत असतात. पथकातील दोघे एकमेकांशी सकाळी तुटकपणे बोलले, तर दुपारच्या क्षमेवरील भाषणाला काय अर्थ उरतो? म्हणूनच भांडण मनात साठवून न ठेवता, मत्तयच्या अठराव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे ज्याच्याशी बिनसले त्याच्याकडेच थेट जाण्याची सवय लावावी लागते.

या सेवेसाठी पगार नसतो. उलट आपल्या वर्षाच्या खर्चाचा काही भाग प्रत्येकाने नातेवाईक, मित्र व धर्मग्राम यांच्याकडून देणगीरूपाने उभा करावयाचा असतो. नोकरीच्या वयातील मुलाने हात पसरावा, हे आपल्याकडील आईवडिलांना रुचणे कठीण, हे खरे.

आता या पद्धतीची मर्यादाही पाहिली पाहिजे. दुपारी तीन वाजता एखादी मुलगी गटात प्रथमच आपले दुःख बोलून दाखविते आणि पाच वाजता व्हॅन निघून जाते. ती पुन्हा कोणाकडे बोलणार? अमेरिकेतील बिशपांनी 2002 साली बालसंरक्षणाची सनद स्वीकारल्यापासून मुलांमध्ये काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणे व त्यांना प्रशिक्षण देणे तेथे आवश्यक झाले आहे. पण कागदपत्रांनी हा प्रश्न सुटत नाही. नेट मिनिस्ट्रीजने फिरत्या पथकांच्या जोडीला वर्षभर एकाच धर्मग्रामात वा शाळेत राहणारी पथकेही सुरू केली आहेत, आणि माझ्या मते हे त्यांचे सर्वांत शहाणपणाचे पाऊल आहे.

आपल्या देशातही केरळमध्ये उगम पावलेल्या व 2016 साली परमपीठाची मान्यता लाभलेल्या 'जीझस यूथ' चळवळीतील अनेक तरुण असेच एक वर्ष पूर्णवेळ सेवेला देतात. आपल्या एखाद्या धर्मग्रामाने बाहेरचे पथक बोलवावयाचे ठरविल्यास दोन गोष्टी आधीच कराव्यात. प्रत्येक लहान गटात धर्मग्रामातील एक परिचित, विश्वासू प्रौढ व्यक्ती बसवावी. तिने बोलावयाचे नाही, केवळ ऐकावयाचे. आणि रिट्रीटनंतरच्या चार रविवारच्या बैठकांची ठिकाणे व वेळा त्याच दिवशी, पाहुणे सामान भरू लागण्यापूर्वी, स्थानिक युवा संचालकाने स्वतः मुलांना सांगाव्यात.