अक्षरांची फिर्याद

२०२५ च्या गणेशोत्सवास चार दिवस उरले असतां आमच्या वाशीम गांवांतील एक तरुण माझ्या ओट्यावर येऊन बसला. फ्लेक्सचे फलक तयार करून देणें हा त्याचा व्यवसाय. पूर्वीं तो माझा विद्यार्थी होता, आणि त्या नात्यानें मोठ्या अक्षरांत कांहीं छापावयाचें असलें म्हणजे ऱ्हस्वदीर्घ तपासून घेण्यास तो अधूनमधून येत असतो. "गुरुजी, तेवढं शुद्धलेखन पाहून द्या न," म्हणून त्यानें मोबाइल माझ्यापुढें धरला. त्याच्या मंडळानें त्या वर्षीं रघूजी भोसल्यांच्या तलवारीचा देखावा करण्याचें ठरविलें होतें. फलकाच्या माथ्यावर तांबड्या अक्षरांत, त्यांना पिवळी कड लावून, "इंग्रजांनी लुटलेली तलवार अखेर परत आली!" असा मजकूर होता. त्याखालची दोन तृतीयांश जागा मंडळाच्या आश्रयदात्यांच्या मुखकमलांनीं व्यापिली होती. उरलेल्या कोपऱ्यांत तलवार होती. आणि ती चांगली बांकदार होती.

शुद्धलेखनाची एकहि चूक मला सांपडली नाहीं. तथापि फलक जसाच्या तसा परत देववेना. चित्रांतील तलवार ती नव्हती. ती परत आलेली नव्हती. आणि तिच्यावर जें लिहिलेलें आहे तें फलकावर कोठेंच नव्हतें. या तीन गोष्टींपैकीं शेवटची मला सर्वांत अधिक खटकली, व तिच्याविषयींच दोन शब्द लिहावे असें तेव्हांपासून मनांत आहे.

पहिले रघूजी भोसले, नागपूरकर घराण्याचे संस्थापक, यांना छत्रपति शाहू महाराजांनीं 'सेनासाहेब सुभा' हा किताब दिला होता. बंगालवर स्वाऱ्या करून त्यांनीं १७५१ सालीं ओरिसा आपल्या सत्तेखालीं आणला, आणि १७५५ सालीं ते निवर्तले. त्यांच्या नांवाची एक तलवार २९ एप्रिल २०२५ रोजीं लंडन येथें सोथबीज या पेढीच्या लिलांवांत निघाली. महाराष्ट्र सरकारनें ती मध्यस्थामार्फत ४७ लक्ष १५ हजार रुपये खर्चून घेतली, व १८ ऑगस्ट रोजीं ती मुंबईस पोंचली. पातें सरळ, एकधारी आणि युरोपांत घडलेलें; मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याची कोफ्तगरी. असल्या परदेशी पात्याच्या तलवारीस आपल्याकडे 'फिरंग' म्हणत. बांकदार पात्याची फिरंग काढणें म्हणजे गजाननास सोंड न काढण्यासारखेंच आहे.

परंतु या तलवारीचें खरें वैशिष्ट्य पात्याच्या पाठीवर आहे. तेथें सोन्याच्या पाण्यानें देवनागरी अक्षरांत 'श्रीमंत', मग धन्याचें नांव, मग त्याचा किताब, आणि शेवटीं 'फिरंग' असा लेख आहे. म्हणजे मालक कोण, त्याची पदवी काय आणि ही वस्तु कोणती, हें सर्व तिच्या अंगावरच लिहिलेलें आहे. त्या काळीं दफ्तरांतील नित्याचा व्यवहार मोडींत चाले. मोडी ही घाईची लिपि. हात न उचलतां लिहावयाची आणि जाणत्यानें वाचावयाची. जें पुढच्या पिढ्यांनीं अडखळल्यावांचून वाचावें असें वाटे, तें मुद्रेवर व शिलेवर बाळबोध अक्षरांत घालीत. तलवारीवर देवनागरी घालणाऱ्या कारागिराला आपलें काम कोणा परक्या लिलांवघरांत वाचलें जाईल अशी कल्पना खचितच नसावी. पण वाचलें गेलें, आणि त्या एका ओळीमुळेंच मुंबईच्या सरकारास हालचाल करावी लागली. शेंकडों मराठी तलवारी परदेशांतील भिंतींवर टांगलेल्या आहेत. त्यांच्यावर नांव नाहीं. म्हणून त्यांच्याकरितां कोणी धांवत नाहीं.

अक्षरांची साक्ष किती काळ टिकते याचें उदाहरण आमच्या गांवींच आहे. १९३९ सालीं वाशीम येथें चार ताम्रपत्रें उजेडांत आलीं. वत्सगुल्म म्हणजे वाशीम येथून वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति यानें आपल्या कारकीर्दीच्या सदतिसाव्या वर्षीं दिलेलें तें दानपत्र होय. वंशावळीचा भाग संस्कृतांत, पुढील मजकूर प्राकृतांत. त्यापूर्वीं वाकाटकांची वत्सगुल्म-शाखा म्हणून कांहीं निराळी होती हें इतिहासकारांस ठाऊक नव्हतें. राजशेखरासारख्या कवींनीं वत्सगुल्माचा उल्लेख केलेला होता एवढेंच. दीड हजारांहून अधिक वर्षें अक्षरें मातींत पडून राहिलीं, आणि वर येतांच त्यांनीं एका राजघराण्याची वाट दाखविली. तांब्यावरील अक्षर वाचणाराची वाट पाहतें. तें कंटाळत नाहीं.

भोसल्यांशींहि या गांवाचा संबंध जुना आहे. १७६९ सालीं रघूजींचे पुत्र जानोजी आणि माधवराव पेशवे यांजमध्यें कनकापूरचा तह झाला. त्याच्या एका कलमान्वयें वाशीमच्या विणकरांचें पांच हजार रुपयांचें कापड भोसल्यांनीं दरसाल पेशव्यांस पाठवावयाचें होतें. तेव्हां ही तलवार आम्हांस अगदींच परकी नाहीं, असें मीं त्या तरुणास सांगितलें. त्यानें तें कलमच फलकावर घालूं का म्हणून विचारलें! मी म्हणालों, "अरे, आधीं तलवारीचं बघ."

आतां 'परत आली' या शब्दांकडे येतों. १८१७ सालीं सीताबर्डीच्या लढाईंत नागपूरकरांचा पराभव झाला. त्या वेळच्या लुटींत ही तलवार गेली असावी असा तर्क आहे. पुढें तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर राज्य खालसा झालें आणि राजवाड्यांतील जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन लिलांवांत विकण्यांत आलें. अशा रीतीनें गेलेली वस्तु मागण्यास कायद्याचा आधार दुर्बळ आहे. चोरीच्या सांस्कृतिक संपत्तीसंबंधीं युनेस्कोचा करार १९७० सालचा. त्यापूर्वींच्या लुटीस तो लागू पडत नाहीं. म्हणून सरकारनें पैसे मोजले. त्याबद्दल मी सरकारास दोष देत नाहीं. लिलांवाचा हातोडा कोणाच्या न्यायअन्यायाच्या विचारासाठीं थांबत नसतो, आणि मागेंपुढें पाहिलें असतें तर ती एखाद्या धनिकाच्या कपाटांत गेली असती. परंतु किंमत देऊन घेतलेल्या वस्तूस 'परत आली' म्हणणें म्हणजे, चोरानें आपलें भांडें आपल्यालाच विकल्यावर त्याचे आभार मानण्यासारखें आहे. पुढल्या खेपेस आपण कांहीं मागावयास गेलों तर समोरचा सहज म्हणेल, मागील खेपेप्रमाणें किंमत द्या.

वाघनखांच्या बाबतींतहि असाच शब्दांचा घोळ झाला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें जुलै २०२४ मध्यें सातारच्या संग्रहालयांत आलीं तीं तीन वर्षांच्या बोलीनें, उसनीं. गांवोगांवच्या फलकांवर मात्र तीं 'मायभूमीस परतलीं'. या वाघनखांची परंपरा सांगणारा लेख तीं ज्या पेटींत आहेत त्या पेटीवर आहे, आणि तो इंग्रजींत आहे. ग्रँट डफ सातारा येथें रेसिडेंट असतां पेशव्यांच्या मुख्य प्रधानानें तीं त्यास दिलीं, असा त्याचा आशय. आणि महाराजांनीं त्यांनीं मारलेला सरदार मोगलांचा होता असें त्यांत म्हटलें आहे. अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता हें आमच्या चौथींतील मुलासहि ठाऊक असतें! हीं वाघनखें तींच, असें खुद्द तें संग्रहालयहि खात्रीनें सांगत नाहीं. पाहा, तलवारीवर धन्यानें स्वतः लिहविलें तेव्हां शंकेस जागा राहिली नाहीं. वाघनखांवर नेणारानें लिहविलें तेव्हां शत्रूचें नांवसुद्धां धड राहिलें नाहीं.

मग ज्यांच्या वस्तूंवर अक्षरेंच नाहींत त्यांनीं काय करावें? आफ्रिकेंतील एका लोकांनीं या प्रश्नाचें जें उत्तर शोधलें तें आपण पाहण्यासारखें आहे. आजच्या नायजेरियांत बेनिन नांवाचें नगर आहे. १८९७ सालीं इंग्रजी फौजेनें तें घेतलें, तेथील राजवाडा जळाला, आणि पितळेचे ओतीव पट्ट, मुखवटे, कोरींव हस्तिदंत अशा हजारों वस्तु विलायतेस गेल्या. नऊशेंहून अधिक एकट्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. या कारागिरांनीं आपल्या राजांचा इतिहास पितळेंतच ओतून ठेवला होता. लेख म्हणून त्यावर नव्हता. जीं अक्षरें त्या वस्तूंस चिकटलीं तीं संग्रहालयाच्या नोंदणीक्रमांकाचीं.

त्यांत राणी इडिया, म्हणजे एसिगी राजाची आई, हिचा सोळाव्या शतकांतील हस्तिदंती मुखवटा आहे. चेहरा शांत, पापण्या जड, आणि माथ्यावरील किनारींत पोर्तुगीज व्यापाऱ्यांचीं लहान लहान दाढीवालीं डोकीं ओळीनें कोरलेलीं. रघूजींच्या हातीं फिरंग होती, इडियाच्या माथ्यावर फिरंगी होते. दोघांचेंहि जग आपण समजतों त्याहून मोठें होतें.

१९७७ च्या जानेवारी-फेब्रुवारींत लागोस येथें साऱ्या आफ्रिकी लोकांचा कलामहोत्सव भरला. त्यासाठीं हा मुखवटा थोडे दिवस द्यावा अशी नायजेरियानें मागणी केली. ब्रिटिश म्युझियमनें ती नाकारली. तेव्हां त्यांनीं केलें तें असें: एर्हाबोर एमोकपाए या त्यांच्या चित्रकारानें त्या मुखवट्याचेंच महोत्सवाचें बोधचिन्ह केलें. समोरून दिसणारा एकच चेहरा, मोजक्या रेषा, दुरूनहि ओळखूं यावा असा. भित्तिपत्रकांवर, पुस्तकांवर, कापडावर तोच. मुखवटा लंडनला बंद कपाटांत राहिला, पण त्याचा चेहरा आफ्रिकेच्या घरोघरीं गेला. आणि तो पाहणारा प्रत्येकजण आपसूक विचारूं लागला कीं, मूळ वस्तु कोठें आहे? ज्या चित्रावर राणीखेरीज कोणाचा चेहरा नव्हता त्याच्यानें हें साधलें.

मूळ मुखवटा अद्याप लंडनलाच आहे, कारण १९६३ चा एक कायदा पुढें करून ब्रिटिश म्युझियम वस्तु सोडीत नाहीं. परंतु इतरत्र बर्फ वितळलें. केंब्रिजच्या जीझस कॉलेजांत भोजनगृहांत बेनिनचा एक पितळी कोंबडा होता. विद्यार्थ्यांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्यें कॉलेजानें तो नायजेरियाच्या स्वाधीन केला. डिसेंबर २०२२ मध्यें जर्मनीनें कांहीं वस्तु दिल्या. २०२५ सालीं नेदरलंड्सनें ११९ दिल्या. या सर्वांस 'परत' हा शब्द शोभतो, कारण तेथें किंमत मागितली गेली नाहीं व मुदतहि घातली नाहीं. जातां जातां सांगावयाचें म्हणजे, इंग्रजींत अशा वस्तूंस जो शब्द लावतात तो आपलाच 'लूट'. संस्कृत लुण्ट् धातूशीं त्याचें नातें सांगतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो हिंदुस्थानांतून तिकडे गेला. तेवढा मात्र त्यांनीं मूळ नांवानिशीं नेला.

हें सारें मीं त्या तरुणास एका बैठकींत ऐकविलें नाहीं. तो बिचारा पळून गेला असता. आम्हीं मिळून फलक नव्यानें मांडला. पार्श्वभूमि काळी. मधोमध आडवी, सरळ पात्याची खरी तलवार. तिच्याखालीं पात्यावरील लेख सोनेरी रंगांत, हातभर उंच. अक्षरास सावल्या नाहींत, कडा नाहींत, झगझगाट नाहीं. शिरोरेघ सबंध, आणि वाचतांना जीभ अडखळूं नये इतकें शब्दांत अंतर. सर्वांत खालीं एक ओळ: "नागपूरहून गेली. २०२५ सालीं ४७ लक्ष १५ हजार रुपये देऊन घेतली." मुखकमलें वगळलीं होतीं.

दुसऱ्या दिवशीं तो तोंड उतरवून आला. मंडळाच्या अध्यक्षांस तलवार पसंत पडली. परंतु वर्गणीदारांचे चेहरे नसतील तर पुढील वर्षीं वर्गणी कोण देईल, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदींच अनाठायीं होता असें मी म्हणणार नाहीं. पैशाची ओळ त्यांना मुळींच नको होती. "बाप्पापुढं हिशेब कशाला?" मीं सांगितलें कीं, चेहरे हवे असतील तर खालच्या पट्टींत घ्या, पण ओळ काढूं नका. तडजोड झाली ती उलट: चेहरे पूर्वीच्याच जागेवर राहिले, तलवार सरळ झाली, 'परत आली' जाऊन 'महाराष्ट्रात आली' झालें, आणि हिशेबाची ओळ गेली.

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मी दर्शनास गेलों. मोठ्या फलकापुढें गर्दी होती. मंडपाच्या खांबाला, बायका चपला काढतात तेथें, एक लांबट काळा कागद चिकटविलेला दिसला. त्यावर पात्यावरील लेख सोनेरी अक्षरांत, आणि खालीं बारीक अक्षरांत ती हिशेबाची ओळ. त्या तरुणानें तो स्वतःच्या खर्चानें छापून लावला होता. मला त्यानें सांगितलेंहि नव्हतें. आजीचें बोट धरलेली एक सातआठ वर्षांची मुलगी त्यापुढें उभी राहून एकेक अक्षर लावीत होती. शेवटच्या शब्दाशीं येऊन ती थांबली आणि आजीस म्हणाली, "आजी, फिरंग म्हणजे काय गं?" आजीनें माझ्याकडे पाहिलें, आणि मी चपला पुन्हां पायांत घालून तिच्याशेजारीं जाऊन उभा राहिलों.