ट्रकवर घर बांधायचंय? आधी हिशेब मांडा

तुमच्या फोनवरही ते रील येऊन गेलंच असणार. छातीएवढ्या उंच चाकांचा लष्करी रंगाचा ट्रक, त्याच्या पाठीवर एक चौकोनी खोली. दार उघडलं की आत पलंग, ओटा, छोटं बेसिन आणि खिडकीतून दिसणारा डोंगर. खाली कॉमेंटमध्ये कुणीतरी मित्राला टॅग केलेलं असतं, ‘डिग्री झाली की आपण हेच करायचं बे!’

करायचं तर करा की! नांदेड-लातूरच्या पोरांना जमणार नाही असं त्यात काही नाही. आपल्याकडे चांगले वेल्डर आहेत, ट्रकची बॉडी बांधणारे आहेत, आयटीआय आणि इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. पण रीलमध्ये एक गोष्ट दिसत नाही. अशा ट्रकचं खरं काम ग्राइंडर हातात घेण्याच्या आधी वहीवर होतं. वजनाचा, पाण्याचा, विजेचा आणि कागदांचा हिशेब. तो चुकला तर घरच्यांकडून मागून घेतलेल्या पैशांचा ट्रक आरटीओच्या दारात उभा राहतो, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे रात्री झोपेत जिवावर बेततं.

चाकांवरचा संसार आपल्याला नवा नाही

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथे तमाशाचे फड कशातून येतात ते आठवा. ट्रकमधून. तंबू, स्टेज, लाइट, पेट्या, स्वयंपाकाची भांडी आणि माणसं, सगळं गाव उचलून आणल्यासारखं. महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीज तर ट्रकमध्येच प्रोजेक्टर बसवून जत्रांमागे फिरल्या. त्यांच्यावरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. ज्याला आपण आज ‘कन्व्हर्जन’ म्हणतो, ते या लोकांनी पोटासाठी केलं.

आपली लालपरीही यातून गेलीय. २०२० च्या लॉकडाउनमध्ये प्रवासी बंद झाले, तेव्हा एसटीने आपल्या जुन्या बसच्या सीट काढून, खिडक्या बंद करून त्यांचे मालवाहू ट्रक केले. त्याच वर्षी केरळच्या एसटीने मुन्नारमध्ये जुन्या बस उभ्या करून त्यात पर्यटकांच्या झोपायची सोय केली, शंभर रुपयांत एक रात्र. म्हणजे गाडीचं रूप बदलणं अशक्य नाही. फक्त ते कोण करतं, कोणत्या परवानगीने करतं आणि गाडी नंतर रस्त्यावर धावणार की एका जागी उभी राहणार, यावर सगळं ठरतं.

कोणता ट्रक?

परदेशी रीलमध्ये बहुतेकदा युनिमॉग दिसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत तो चक्क शेतीच्या कामासाठी जन्माला आला आणि पुढे लष्करापासून फायर ब्रिगेडपर्यंत सगळीकडे गेला. आपल्याकडे त्या जातीचा म्हणजे ‘शक्तिमान’. टीव्हीवरचा नव्हे, त्याच्याही कितीतरी आधीचा. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला तो बनू लागला आणि त्याने आपलं लष्कर वाहिलं. त्यानंतर अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाची एलपीटीए मालिका आली. टाटाच्या जुन्या गाड्यांच्या नावातच गणित असतं बरं का. ४०७ म्हणजे साधारण चार टन आणि सत्तर हॉर्सपॉवर, ७१३ म्हणजे सात टन आणि एकशे तीस.

लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघतात, हे खरंय. पण घेण्याआधी कागद नीट वाचा. गाडी वापरासाठी विकलीय की भंगार म्हणून? भंगार म्हणून विकलेली गाडी कितीही ऐटबाज दिसली तरी ती तुमच्या अंगणातली शोभा. तिला नंबर प्लेट मिळेल या भरवशावर पैसे गुंतवू नका.

दुसरी अडचण तुमच्या पाकिटातच आहे. तुमचं लायसन्स हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्हीचं असणार. त्याची मर्यादा भरलेल्या गाडीच्या एकूण ७५०० किलो वजनाची. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानेही हीच रेषा कायम ठेवली. त्यापुढच्या गाडीला जड वाहनाचं लायसन्स लागतं. म्हणजे स्टॅलियनसारखा मोठा ट्रक घेऊन दिला तरी तुम्ही तो उद्या चालवू शकत नाही.

आणि तिसरी अडचण आपल्या पायाखाली आहे. काळी माती! पहिला मोठा पाऊस झाला की शेतरस्त्यावर ट्रॅक्टरसुद्धा रुततो. अशा मातीत चारही चाकांना ताकद मिळणं उपयोगी पडतं, पण दहा टनांचा ट्रक एकदा बसला की त्याला काढायला क्रेन लागते. कंधारचा किल्ला, सहस्रकुंडाचा धबधबा किंवा खरोसा लेणी बघायला जायचं असेल, तर ट्रक जितका जड तितका भारी, हे समीकरण आपल्या भागात चालत नाही. लहान, हलकी आणि गरज पडली तर चार पोरांनी ढकलता येईल अशी गाडी बरी.

तिवईचं गणित

आता मुख्य इंजिनिअरिंग. घरातली चार पायांची खाट उंचसखल अंगणात ठेवा, डुगडुगणारच. तिवई ठेवा, ती कुठेही स्थिर बसते. कारण तीन टेकू नेहमी एका पातळीत येतात.

खडबडीत रस्त्यावर ट्रकची चासी पिळली जाते. पुढचं डावं चाक दगडावर आणि मागचं उजवं खड्ड्यात, अशा वेळी ते दोन लांब लोखंडी मेंबर कपडा पिळावा तसे थोडे वळतात. हा दोष नाही. ट्रक मुद्दामच तसा बनवलेला असतो, म्हणजे चाकं जमिनीला धरून राहतात. पण तुमची खोली पिळत नाही. ती कडक पेटी आहे. तिला चासीवर चार कोपऱ्यांत घट्ट बोल्ट मारले की काहीतरी तुटणारच. आधी दार घासायला लागतं, मग काचेला तडा जातो आणि शेवटी वेल्डिंग उकलतं किंवा चासीलाच चीर पडते.

म्हणून चांगले बांधणारे मध्ये एक वेगळी फ्रेम टाकतात आणि तिला तिवईसारखे तीन आधार देतात. दोन बाजूंना दोन, आणि तिसरा मधोमध फिरता. काही जण एका टोकाला बोल्टवर जाड स्प्रिंग लावतात, म्हणजे चासी पिळली की फ्रेम तेवढी उचलली जाते आणि खोली सरळच राहते. वर्कशॉपमध्ये गेल्यावर पहिला प्रश्न रंगाचा नको, हा विचारा. शिवाय चासीच्या मेंबरला मनाला येईल तिथे भोकं पाडू नका आणि वेल्डिंग तर अजिबात नको. त्याने लोखंड नेमकं तिथेच कमजोर होतं.

दुसरा नियम वजनाचा. जड वस्तू खाली आणि दोन्ही ॲक्सलच्या मध्ये. टपावर जितकं जास्त चढवाल, तितकी गाडी वळणावर कलेल. एक टन भार वाहणारी पिकअप धरून बघा. खोलीचा सांगाडा आणि भिंती ३५० किलो, प्लायवूडचं फर्निचर २००, पाणी ८०, बॅटरी-सोलर ७०, गॅस-भांडी ४०, दोन माणसं १३०, सामान ६०. झाले ९३० किलो! आता कोण म्हणतं ग्रॅनाइटचा ओटा पाहिजे?

पाणी : लातूरकरांना काय शिकवायचं?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा तुम्ही शाळेत होता. नळ किती दिवसांनी येणार हे कॅलेंडरवर लिहिणाऱ्या घरांतली आपण पोरं. पाण्याचा हिशेब आपल्या रक्तात आहे, तोच इथे लावायचा.

एका माणसाला दिवसाला प्यायला ४ लिटर, स्वयंपाक-भांड्याला ६, अर्ध्या बादलीची अंघोळ ८, बाकी २. म्हणजे २० लिटर. दोन माणसं, दोन दिवस, ८० लिटर. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे विसरू नका. टाकी अर्धी रिकामी असली की वळणावर आतलं पाणी एका बाजूला धावतं आणि गाडीला धक्का देतं. म्हणून पाण्याच्या टँकरमध्ये आडवे पडदे असतात, तसेच आपल्या टाकीतही हवेत. सांडपाणी साठवायला दुसरी टाकीही लागते. ज्या गावाच्या शेजारी मुक्काम कराल, त्याच्या ओढ्यात साबणाचं पाणी सोडून येऊ नका.

वीज, ऊन आणि जीव

एक छोटा डीसी पंखा रात्रभर २५० वॅट-तास खातो, छोटा फ्रिज दिवसाला साधारण ५००, लॅपटॉप १८०, दिवे आणि मोबाइल मिळून ७०. बेरीज १०००, म्हणजे बरोबर एक युनिट. ३०० वॅटचं सोलर पॅनल आपल्या उन्हात एवढं देतं आणि १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी एवढं साठवते. एसी लावला तर रात्रीला पाच-सहा युनिट. म्हणजे पॅनल, बॅटरी, वजन, खर्च, सगळं पाच-सहापट.

मग मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात झोपायचं कसं? उत्तर भिंतीत आहे. आइस्क्रीमच्या गाड्यांना वापरतात ते पफ पॅनल बघा, दोन पत्रे आणि मध्ये फोम. त्याने ऊन आत शिरायला वेळ लागतो. टपावर पांढरा रंग, समोरासमोर दोन खिडक्या, वर एक पंखा. आणि तक्रार करण्याआधी एक लक्षात ठेवा. साडेतीन टनांवरच्या नव्या मालट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला तोच २०२५ मध्ये. आपला कांदा, सोयाबीन वाहणाऱ्या ड्रायव्हरकाकांनी त्याआधीचे सगळे उन्हाळे तसेच काढलेत.

जिवाचे नियम मात्र थोडे आहेत आणि त्यात सूट नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरला लगेच फ्यूज हवा. बंद खोलीत शेगडी पेटवून किंवा इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि बाहेर पडायला दाराशिवाय दुसरी वाट हवी, निदान माणूस निघेल एवढी खिडकी.

कलम ५२

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने गाडीचं जे मूळ रूप दिलं आणि आरसी बुकात ज्याची नोंद झाली, त्याच्याशी विसंगत बदल मालकाला करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे पुन्हा वाचा. आणि अपघात झाला, तर न कळवलेल्या बदलाचं कारण देऊन विमा कंपनी हात वर करू शकते.

म्हणजे दार बंद आहे का? नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. बसायची जागा, टेबल, झोपायची सोय, स्वयंपाक, सामानाची जागा, हे सगळं गाडीला पक्कं बसवलेलं असावं लागतं. अशा वाहनांची तपासणी करणाऱ्या अधिकृत संस्था आपल्याच राज्यात आहेत. पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी, तर अहिल्यानगरला व्हीआरडीई. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. २०२२ मध्ये महिंद्राने आयआयटी मद्रासमधून पुढे आलेल्या कॅम्परव्हॅन फॅक्टरीशी हातमिळवणी जाहीर केली. गाडी कोणती? आपल्या प्रत्येक तालुक्यात दिसणारी बोलेरो कॅम्पर. तिच्यावर चार जणांची झोपायची सोय, बायो-टॉयलेट आणि शॉवर. सगळं बसतं, फक्त रीतसर बसवावं लागतं.

मग सुरुवात कुठून?

पहिल्याच फटक्यात ट्रक कापू नका. घरच्या किंवा ओळखीच्या पिकअपचा हौदा मोजा. त्यात मावेल असा, उचलून बाहेर काढता येणारा पलंग, खाली सामानाच्या पेट्या आणि एक छोटी बॅटरी एवढंच बनवा. गाडीला कापाकापी नाही, वेल्डिंग नाही. धावत्या गाडीत मागे कुणी बसायचं नाही, झोपायचं ते मुक्कामी. दोन रात्री काढून या. किती पाणी उरलं, पंखा किती वाजेपर्यंत चालला, कोणतं सामान हातही न लावता परत आणलं, ते लिहून ठेवा. त्यातून जे कळेल ते दोनशे रील बघून कळणार नाही.

मग टीम जमवा. हे एकट्या मेकॅनिकलवाल्यांचं काम नाही. सोलरसाठी इलेक्ट्रिकलची मैत्रीण लागेल, जागेचा आराखडा काढायला इंटेरियरवाली, कलमं वाचायला लॉ कॉलेजचा मित्र आणि वेल्डिंगला आयटीआयचा. फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताय ना? नेटवरून उतरवलेल्या रिपोर्टपेक्षा हा कितीतरी खरा.

आणि सगळं भरून झालं की निघण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. तोच, जिथे हरभऱ्याच्या आणि उसाच्या गाड्या तोलतात. आरसी बुकातला आकडा आणि काट्याच्या पावतीवरचा आकडा शेजारी शेजारी ठेवा. पावतीवरचा मोठा निघाला तर सामान उतरवा आणि पुन्हा काट्यावर या. सहस्रकुंड कुठे पळून जात नाही.