हुंडेकऱ्याची मालमोटार

ठराविक भाड्यांत माल पोंचविण्याची हमी घेणारा तो हुंडेकरी. प्रथम त्याच्या बैलगाड्या असत. पुढें मालमोटारी आल्या. बेडफर्ड व फार्गो आम्हीं पाहिल्या; १९५४ पासून जमशेदपुराहून निघालेल्या, तीन टोकांचा तारा मिरविणाऱ्या टाटांच्या गाड्याही पाहिल्या. खंडाळ्याचा घाट चढतांना रेडिएटरचें पाणी उकळे, आणि क्लीनर लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकापाशीं धांवे. जकात नाक्यावर रात्र मोडे. तरीही बदलीच्या गांवीं आमचा पाटा-वरवंटा, लोणच्याच्या बरण्या व आजोबांच्या पोथ्या सुखरूप पोंचत. आमच्या हातीं असे ती केवळ एक बिल्टी! पेढीवरचा मनुष्य घरास ओळखत असे, हाच खरा विमा.

२००२ मध्यें मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पुरा होऊन घाट सोपा झाला. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि मुंबईची जकातही गेली. माल आतां लौकर येतो, हें चांगलेंच. परंतु तो कोणीं आणला, हें घरांत कोणास ठाऊक नसतें. वाचकांच्या जुन्या पेटींत एखादी बिल्टी सांपडल्यास ती रद्दींत घालूं नये; आपलें बिऱ्हाड कोठून कोठें गेलें, याचा तो लेखी पुरावा आहे.