डावी बाजू, उजवी बाजू

फडणीस, पोतनीस, मुजुमदार, जमेनीस ही आडनावे आपल्या माळव्यातील मराठी मंडळींत आजही ऐकू येतात. फडावरचा हिशेब पाहणारा तो फडणीस, खजिना सांभाळणारा तो पोतनीस, हिशेबाची तपासणी करणारा तो मुजुमदार. होळकरांच्या मागोमाग नर्मदा ओलांडून आलेल्या अनेक घराण्यांची उपजीविका अशी लेखणीवर आणि आकड्यांवर चालली. पुढे आडनावे राहिली आणि विद्या मात्र मुनीमजींच्या स्वाधीन झाली. आमच्या घरी तरी तसेच झाले होते.

आम्ही दोघी जावा. थोरलीचे वय साठीच्या उंबरठ्यावर, धाकटीचे बावन्न. इंदूरच्या जुन्या वस्तीत आमचे भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि पापड यांचे लहानसे दुकान मामंजींच्या काळापासून आहे. माल आम्ही करावा, दुकान थोरल्या यजमानांनी पाहावे आणि बही मुनीमजींनी लिहावी, अशी वाटणी तीस वर्षे चालली. २०२१ साली थोरले यजमान गेले. पुढच्याच वर्षी मुनीमजींच्या डोळ्यांनी दगा दिला आणि लाल कापडाच्या त्या बह्या आमच्यापुढे येऊन पडल्या. धाकटे यजमान नोकरीनिमित्त बाहेरगावी असत. पगारी हिशेबनीस ठेवावा असे सर्वांनी सुचविले. पण त्याने लिहिलेले तरी वाचणार कोण? तेव्हा आपणच शिकावे असे ठरले.

शिकावयाचे तर परीक्षा देऊनच, हा थोरलीचा आग्रह. परीक्षेवाचून केलेला अभ्यास हा उपासावाचून केलेल्या एकादशीसारखा, असे तिचे म्हणणे! राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ही १९८९ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था. दहावी उत्तीर्ण असलेल्यास तेथे बारावीचे विषय घेता येतात, वयाची वरची मर्यादा नाही, आणि सबंध परीक्षा न देता एखादा विषयही घेता येतो. परीक्षा वर्षातून दोनदा. आम्ही केवळ लेखाशास्त्र घेतले. थोरली जुनी मॅट्रिक, धाकटी बी. ए.; कॉमर्सचा वारा दोघींनाही लागलेला नव्हता.

पुस्तके आली ती हिंदीत. मुनीमजींच्या तोंडची कीर्द, खतावणी, तेरीज, घसारा ही नावे आमच्या कानांवर होती. पुस्तकात त्यांच्या जागी रोजनामचा, खाता बही, तलपट आणि ह्रास भेटले. मालकाने धंद्यातून घरखर्चासाठी पैसे काढावे त्याला आपण उचल म्हणतो. हिंदीत ते ‘आहरण’. तो शब्द प्रथम वाचला तेव्हा आम्हांला सीताहरणच आठवले आणि आम्ही मनमुराद हसलो. पुढे त्याच शब्दाने आम्हांला रडविले, ते ओघाने येईलच.

खरी अडचण शब्दांची नव्हती. ती निराळ्याच जागी होती. आमच्या बहीत पानाची डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची. पुस्तकात बरोबर उलट: डावीकडे नावे, उजवीकडे जमा. आठवडाभर आम्ही एकमेकींचे तोंड पाहत राहिलो. मुनीमजी तीस वर्षे चुकत होते की पुस्तक छापणारे? अखेर रोख व्यवहाराचे एक एक कलम दोन्हीकडे मांडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. रामभाऊंनी पाचशे रुपये आणून दिले. देशी पद्धतीत मुनीमजी ते डावीकडे लिहितात, कारण ते रामभाऊंच्या खाती जमा झाले. पैसा कोणाकडून आला, त्याचे नाव ते धरतात. इंग्रजी पद्धतीचे रोख पुस्तकही तेच पाचशे डावीकडेच लिहिते. पण ते रामभाऊंचे खाते नव्हे, रोकडीचे खाते असते, आणि रोकड घरात आली म्हणून रोकड खाते नावे पडते. रक्कम तीच, पानावरची जागाही तीच. केवळ नाव कोणाचे धरले एवढा फरक. त्या रात्री आम्हांला जो आनंद झाला तो पुढे निकालाच्या दिवशीही झाला नाही.

बँकेच्या पासबुकाचे कोडे त्याच किल्लीने सुटले. आपण बँकेत पैसे भरले की पासबुकात ‘जमा’ उमटते आणि आपल्या वहीत मात्र बँक खाते नावे टाकावयाचे. का? तर पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल. तिच्या दृष्टीने ती आपले देणे लागते. आयुष्यभर आपण ‘जमा’ म्हणजे चांगले आणि ‘नावे’ म्हणजे वाईट असे धरून चालतो. प्रौढ माणसाला हिशेब शिकताना बेरीज-वजाबाकी छळत नाही. हे असले जुने समज छळतात. सतरा वर्षांच्या मुलाला ते नसतात, म्हणून तो भरभर पुढे जातो. मात्र उधारी बुडते म्हणजे काय, किंवा मार्चअखेर गोदामात पडलेल्या मालाची किंमत का धरावयाची, हे त्याला पाठ करावे लागते. आम्हांला ते ठाऊकच होते.

रात्री साडेनऊ ते अकरा हा आमचा वर्ग. एकच उदाहरण दोघींनी वेगवेगळे सोडवावयाचे आणि मग वह्या बदलावयाच्या, हा नियम. सोडविलेली उदाहरणे नुसती वाचली की सारे समजल्यासारखे वाटते. उत्तर झाकून कोऱ्या कागदावर मांडू गेले की हात थबकतो. तेरीज जुळली नाही की प्रथम फरकाचे निम्मे करून पाहावे. तेवढी रक्कम कोठे उलट्या बाजूस पडली आहे काय ते शोधावे. फरकाला नऊने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा. एकदा ४,५०० रुपयांचा फरक आम्ही दोन रात्री शोधत होतो. ७,२४० चे २,७४० लिहिले गेले होते, आणि लिहिणारी थोरली असूनही बोलणी धाकटीने खाल्ली. असो.

पण तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे नव्हे, हा धडा पुस्तकात पुढे येतो. एखादे कलम लिहिलेच नसेल, एका चुकीने दुसरी झाकली असेल, अथवा रक्कम योग्य बाजूस पण भलत्याच जातीच्या खात्यात घातली असेल, तर तेरीज गुण्यागोविंदाने जुळते. हा धडा आम्ही २०२३ च्या जानेवारीत वाचला आणि सराव म्हणून आपल्याच दुकानाचा ३१ मार्च २०२२ चा ताळेबंद नव्याने मांडावयास घेतला.

भांडवल १९,४०,००० रुपये. एवढे भांडवल पाहून दोघींना प्रथम अभिमान वाटला. मग येण्याच्या बाजूस ‘घरखाते’ दिसले: १३,७५,००० रुपये. घराने दुकानाचे देणे असलेली रक्कम! किराणा, औषधपाणी, मुलांच्या फिया, लग्नकार्ये, जे जे गल्ल्यातून घरी गेले ते वर्षानुवर्षे या एका खाती नावे पडत आले होते आणि येणे म्हणून पुढे ओढले जात होते. ते येणार कोठून? आम्हीच ते खाऊन बसलो होतो. तेच ते आहरण. ते भांडवलातून वजा केले तेव्हा खरे भांडवल ५,६५,००० उरले. आदल्या वर्षी तेच ६,४३,००० होते. वर्षाचा नफा २,१६,००० आणि घराची उचल २,९४,०००. म्हणजे वर्षाला ७८,००० रुपयांचे दुकान आम्ही जेवत होतो, आणि हे असेच चालले तर सात वर्षांत ते संपणार होते.

धाकटीच्या मनात पहिला संशय मुनीमजींविषयी आला, हे कबूल केलेच पाहिजे. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. खाटेवर बसून त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाईसाहेब, मैंने हर दिवाली बड़े भैया को बताया था.” यजमानांनीच त्यांना सांगितले होते की खाते असेच चालू द्या, घरी कळता कामा नये. थोरली काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर ती एवढेच म्हणाली, “मला सांगितले असते तर मी का पाटल्या मागत बसले असते?”

सासूबाईंना सांगावे की नाही यावर आम्हां दोघींत दोन दिवस अबोला होता. अखेर सांगितले. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाईंनी चष्मा पुसला, घरखात्याचे पान पुढे ओढून घेतले आणि दर महिन्याला उचल किती घेतली तर दुकान टिकेल, एवढाच प्रश्न विचारला. आम्ही चौदा हजार सांगितले. त्यांनी भाजीपासून दुधापर्यंत बोटांवर मोजून पाहिले आणि सोळा मागितले. सोळा ठरले. दुकानातून घरी आणलेली पावशेर भाजणीही आता लिहिली जाते, आणि वरचा खर्च धाकट्या यजमानांच्या पगारावर पडला, त्याबद्दल ते अधूनमधून कुरकुरतातही.

परीक्षा त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात झाली. केंद्रावरील पर्यवेक्षकांनी आम्हांला पालक समजून फाटकाबाहेर थांबावयास सांगितले. अंतिम खात्यांच्या प्रश्नात थोरलीचा ताळेबंद तीनशे रुपयांनी जुळेना. तिने तो तसाच सोडून पुढचे प्रश्न सोडविले, आणि तेच शहाणपणाचे ठरले. तेहेतीस टक्क्यांना उत्तीर्ण करणाऱ्या या परीक्षेत थोरलीला एकसष्ट आणि धाकटीला अठ्ठावन्न गुण मिळाले. तीन गुणांचा तो फरक घरात अजून ऐकविला जातो.

निकाल घेऊन आम्ही मुनीमजींकडे गेलो, सोबत आमची नवी खतावणीही नेली. त्यांनी भिंग मागविले, उन्हाकडे तोंड करून एक एक पान न्याहाळले. अर्धा तास गेला. मग एका कलमावर बोट ठेवून त्यांनी वही आमच्याकडे फिरविली. मसाला दळण्याच्या यंत्राची नवी मोटर आम्ही दुरुस्ती खर्चात घातली होती. तेरीज अर्थातच जुळली होती. आम्ही तेथेच पेन्सिल मागून घेतली.