घर स्वस्त का आहे?

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर बांधणाऱ्याची निदान जागा आपली आणि शेजार ओळखीचा असे. नोकरीनिमित्त परप्रांतात गेलेल्या आजच्या मराठी कुटुंबाला घर बांधून नव्हे, तर तयार घेऊन पाहावे लागते. त्यातही सदनिकेच्या फरशा, नळ आणि रंग पाहण्यास जेवढा वेळ दिला जातो, त्याच्या दशांशही वेळ भोवतालच्या वस्तीस मिळत नाही. सैन्यदल, बँका, केंद्र सरकारची कार्यालये अथवा पी.जी.आय.सारखी वैद्यकीय संस्था यांच्या निमित्ताने चंडीगडला जाऊन तेथेच स्थिरावू पाहणाऱ्या कुटुंबांपुढे हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो, कारण या शहराची रूपे दोन आहेत.

पहिले रूप सर्वपरिचित आहे. फाळणीत लाहोर गमावलेल्या पंजाबसाठी नवी राजधानी हवी होती. ल कॉर्बुझिए यांनी १९५१ मध्ये तिच्या आराखड्याची सूत्रे हाती घेतली आणि सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब अशा सेक्टरांत शहर आखले गेले. रुंद रस्ते, मध्ये हिरवे पट्टे, प्रत्येक सेक्टरमध्ये बाजार आणि शाळा अशी ही रचना होती. आराखडा होता पाच लाख लोकसंख्येचा. २०११ च्या जनगणनेत ती १०,५५,४५० भरली. केंद्रशासित प्रदेशाचे क्षेत्र मात्र ११४ चौरस किलोमीटरच राहिले. शहराबाहेरची वाढ रोखण्यासाठी १९५२ मध्येच परिघ नियंत्रण कायदा झाला होता. आधी ८ किलोमीटरपर्यंत लागू असलेला हा पट्टा १९६२ मध्ये १६ किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आला. जमीन वाढेना आणि माणसे थांबेनात, अशा स्थितीत आखीव सेक्टरांतील घर मध्यमवर्गीय पगारदाराच्या आवाक्याबाहेर जाणे क्रमप्राप्तच होते.

मग दलाल त्याला दुसरे रूप दाखवू लागतो. सेक्टर ४५ च्या पोटात दडलेले बुडैल, औद्योगिक वसाहतीला खेटून असलेला रामदरबार, रेल्वेमार्गापलीकडचे मौली जागरां, हल्लोमाजरा, कचराडेपोच्या शेजारचे डड्डूमाजरा, किंवा पंजाबच्या हद्दीतील नयागाव आणि झिरकपूर. गल्ल्या अरुंद, डोक्यावर विजेच्या तारांचे जाळे, नाक्यावर रात्री उशिरापर्यंत माणसांची वर्दळ. सहकाऱ्यांना नाव सांगितले, तर भुवया उंचावतात. किंमत मात्र मन मोहविणारी असते.

अशा वेळी ‘वस्ती चांगली की वाईट?’ हा प्रश्न विचारून फारसे निष्पन्न होत नाही. त्याऐवजी ‘घर स्वस्त का आहे?’ असे विचारावे. बाजार क्वचितच उगाच सूट देतो. कागद कच्चा असेल, बांधकाम कच्चे असेल, परिसरात एखादा कायमचा उपद्रव असेल किंवा वस्तीचे नाव बदनाम असेल, अशी काही तरी सबब त्या सवलतीमागे असते. या सबबी एकाच तराजूत तोलण्याजोग्या नाहीत. काहींच्या बाबतीत किंमत कितीही उतरली तरी व्यवहार तोट्याचाच ठरतो, तर एखादी सबब डोळस खरेदीदाराच्या पथ्यावर पडते.

लाल डोरा आणि मुखत्यारपत्र

महाराष्ट्रातील वाचकांना ‘गावठाण’ हा शब्द परिचित आहे. नवी मुंबईच्या आखीव नगरांमध्ये जुन्या गावांची बेटे कशी शिल्लक राहिली, हे अनेकांनी पाहिले आहे. उत्तरेत याच बेटांना ‘लाल डोरा’ म्हणतात. महसुली नकाशावर वस्तीभोवती ओढलेल्या रेषेवरून हे नाव आले. रेषेच्या आतील जागेला शेतजमिनीसारखा सारा नव्हता, त्यामुळे कोणते घर कोणाच्या मालकीचे याची घरनिहाय महसुली नोंदही बहुधा ठेवली गेली नाही. देशभर हीच अडचण असल्याने केंद्र सरकारने २०२० मध्ये ग्रामीण वस्त्यांच्या मोजणीसाठी ‘स्वामित्व’ योजना सुरू केली. बुडैल किंवा अटावा यांसारख्या गावांत आज चार-पाच मजली इमारती उभ्या दिसतात. परंतु त्यांच्या मालकीची साखळी कौटुंबिक वाटण्या, तोंडी व्यवहार आणि साध्या कागदावरील करार यांतून गेलेली असू शकते. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या घेणाऱ्यास जमिनीत नेमका किती हिस्सा मिळतो, हे विक्रेत्याला विचारून पाहावे. उत्तर देताना तो जितका घुटमळेल, तितकी सावधगिरी वाढवावी.

याहून मोठा धोका पुनर्वसन वसाहतींतील सदनिकांत आहे. झोपडपट्टीवासीयांसाठी चंडीगडमध्ये २००६ ची लघुसदनिका योजना राबवण्यात आली. एकट्या धनास येथे ८,४४८ घरे बांधली गेली आणि २०१३ मध्ये त्यांचे उद्घाटन झाले. ही घरे लाभार्थ्याला मासिक शुल्कावर, परवान्याने राहण्यासाठी दिली जातात. ती विकण्याचा अधिकार त्याला नाही. तरीही अशी घरे ‘पॉवर ऑफ ॲटर्नी’वर हातोहात फिरतात. मुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र अशा तीन कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. येथे तर विकणाऱ्याकडेच मालकी नसते. तपासणीत मूळ लाभार्थी घरात आढळला नाही तर वाटप रद्द होऊ शकते, आणि पैसे मोजून राहायला आलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने घुसखोर ठरतो. आयुष्याची पुंजी एका सहीवर अशी उधळली जाणे, याला स्वस्ताई म्हणता येत नाही.

प्रतिष्ठित सेक्टरांत हा प्रश्न नाही, असेही कोणी समजू नये. सेक्टर १ ते ३० मधील एककुटुंबीय घरांचे मजलेवार सदनिकांत रूपांतर करण्यास सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२३ रोजी मनाई केली. तोपर्यंत तेथे घराचा ठरावीक टक्के हिस्सा घेऊन एक मजला ‘आपला’ मानण्याचा प्रघात सर्रास होता. कागदाचा कच्चेपणा वस्तीच्या दिसण्यावर अवलंबून नसतो, हे यावरून ध्यानात यावे.

त्या मानाने चंडीगड गृहनिर्माण मंडळाची जुनी घरे अधिक भरवशाची. मंडळ १९७६ पासून काम करीत असून त्याने साठ हजारांहून अधिक घरे बांधली आहेत. त्यांतील बरीच घरे साध्या, किंचित कोंदट वस्त्यांमध्ये आहेत. येथे तीन गोष्टी पाहाव्यात : घर भाडेपट्ट्याचे आहे की पूर्ण मालकीचे, मंडळाच्या दप्तरी नाव कोणाचे आहे, आणि मूळ नकाशाबाहेर किती बांधकाम झाले आहे. गच्चीवरची जादा खोली दाखवून विक्रेता भाव वाढवतो. तीच खोली पाडण्याची नोटीस पुढे खरेदीदाराच्या नावाने येते.

भिंतींचे वय, पायाची खोली

कागद चोख निघाला, तरी बांधकामाचा प्रश्न उरतो. २००२ च्या भूकंप-नकाशात चंडीगडचा समावेश चौथ्या, म्हणजे तीव्र धोक्याच्या विभागात होता. गावठाणांतील इमारतींना अभियंत्याचा नकाशा असतोच असे नाही. भाडे वाढावे म्हणून दोन मजल्यांच्या पायावर चार मजले चढवले जातात. शहराला लागून असलेल्या मोहालीतील सोहाना गावात २१ डिसेंबर २०२४ रोजी एक बहुमजली इमारत कोसळून दोघांचा बळी गेला. शेजारच्या भूखंडावर तळघरासाठी खोदकाम चालू होते. म्हणजे आपली इमारत मजबूत असून भागत नाही, शेजाऱ्याने काय आरंभले आहे तेही पाहावे लागते. स्वतंत्र बांधकाम अभियंत्याचे शुल्क घराच्या किमतीपुढे नगण्य असते. अग्निशामक दलाची गाडी दारापर्यंत येऊ शकते का, हे पाहण्यास तर शुल्कही लागत नाही.

उपद्रवाचा हिशेब

डड्डूमाजऱ्याच्या कचऱ्याच्या डोंगराविरुद्ध रहिवाशांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. तो हटवण्याची कामे झाली, मुदतीही पुढे सरकल्या. हिवाळ्यात सकाळी दहा वाजता घर पाहून आलेल्या ग्राहकास जूनमधील दुपारच्या वाऱ्याची कल्पना येणे शक्य नाही. झिरकपूर आणि डेराबस्सी भागातील काही सोसायट्यांत जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत पाणी शिरले. उन्हाळ्यात तेथे गेलेल्यास तो प्रदेश कोरडा ठणठणीत दिसेल. विमानतळालगतची घरे पाहताना आवाजाखेरीज आणखी एक बाब असते. हवाई दलाच्या तळाभोवती बांधकामावर कायद्याचे निर्बंध आहेत आणि हे अंतर मोडलेल्या बांधकामांवर टाच आलेली आहे. सुखना तलावाच्या पाणलोट क्षेत्रातील अनधिकृत बांधकामांविषयी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिलेल्या निकालाने नयागाव-कांसळ भागातील अनेक घरमालकांची झोप उडवली होती.

कागदाशी संबंध नसलेले उपद्रव पैशांत मोजता येतात, आणि ते मोजावेतही. समजा, दोन घरांच्या किमतीत दहा लाखांचा फरक आहे. नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जावर या दहा लाखांचा मासिक हप्ता सुमारे नऊ हजार रुपये होतो. वीस वर्षांत ही रक्कम २१ लाख ६० हजारांच्या घरात जाते. बचत मोठी आहे यात शंका नाही. आता स्वस्त वस्तीत राहिल्यामुळे येणारा जादा खर्च मांडावा. मुलांना दूरच्या शाळेत नेणारी गाडी, दुसऱ्या स्कूटरचे पेट्रोल, पाण्याचा टँकर, इन्व्हर्टर, रात्री उशिरा परतताना रिक्षा. हा खर्च साडेचार हजारांवर गेला की निम्मी बचत तेथेच संपली. शिवाय दररोज तास-दीड तास प्रवासात जाणार असेल, तर तो कोणाच्या वाट्याला येतो हे घरात एकत्र बसून ठरवावे. बहुतेक वेळा तो घरातील स्त्रीच्या वाट्याला येतो आणि हिशेबाच्या वहीत त्याची नोंद होत नाही.

‘येथून लवकरच मेट्रो जाणार आहे’ या वाक्यासाठी मात्र एक रुपयाही जादा मोजू नये. चंडीगडच्या मेट्रोची चर्चा दीड दशकाहून अधिक काळ चालू आहे.

बदनामीचे मोल

चंडीगडच्या बोलण्यात ‘कॉलनी’ हा शब्द पुण्या-मुंबईसारखा निरुपद्रवी नाही. राजधानी बांधण्यासाठी आलेल्या मजुरांना राहण्यास आराखड्यात पुरेशी जागा नव्हती. त्यांच्या तात्पुरत्या वस्त्यांना ‘लेबर कॉलनी’ म्हटले गेले, काहींना तर नुसते क्रमांक मिळाले. कॉलनी क्रमांक ५ नोव्हेंबर २०१३ मध्ये पाडण्यात आली, क्रमांक ४ मे २०२२ मध्ये. ज्यांच्या हातांनी सेक्टर उभे राहिले त्यांच्या पत्त्याकडे सेक्टरवासीयांनी संशयाने पाहावे, हा या सुंदर शहराच्या स्वभावातील एक उणा भाग म्हणावा लागेल. २०२० च्या करोनाकाळात सेक्टर २६ मधील बापूधाम वसाहत संसर्गाचे केंद्र ठरली. दाट वस्ती हे त्याचे उघड कारण होते. पण बोलबाला झाला तो वस्तीच्या नावाचा.

भीतीला आधार आहे की ती केवळ ऐकीव आहे, हे तपासण्याची सोय आज उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता प्राथमिक माहिती अहवाल पोलिसांना संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात. संबंधित ठाण्याचे तीन-चार महिन्यांचे अहवाल वाचले, तर घरफोड्या किती, वाहनचोऱ्या किती, मारामाऱ्या कोणत्या गल्लीत, याचा अंदाज येतो. यानंतर प्रत्यक्ष जावे, तेही तीनदा : पहाटे पाणी येण्याच्या वेळी, शाळा सुटताना, आणि रात्री दहानंतर. रात्रीच्या फेरीला पत्नी किंवा वयात आलेली मुलगी बरोबर असावी. तिला त्या गल्लीत काय वाटले, ते दलालाच्या शब्दाहून अधिक विश्वासार्ह असते. औषधाचे दुकान किती वाजता बंद होते, दूधवाला उधारी देतो का, भाडेकरू दर वर्षी बदलतात की टिकतात, अशा साध्या चौकशीतून वस्तीची नाडी सापडते. जेथे कुटुंबे दहा-पंधरा वर्षे टिकून आहेत आणि बायका संध्याकाळी दारात निवांत बसलेल्या दिसतात, तेथील बदनामी बहुधा जुनी आणि निराधार असते. अशा ठिकाणी मिळणारी सूट आनंदाने घ्यावी.

मनीमाजऱ्याचे उदाहरण येथे लक्षात घेण्याजोगे आहे. हे गाव चंडीगडहून कितीतरी जुने. पंचकुल्यातील प्रसिद्ध मनसादेवी मंदिर १८११ ते १८१५ या काळात येथील राजा गोपालसिंग यांनी बांधले. नव्या शहराच्या दृष्टीने मात्र ते गर्दीचे, गल्लीबोळांचे उपनगरच राहिले. आय.टी. पार्क त्याच्या कुशीत २००५ मध्ये आले आणि भाडेकरूंची रांग लागली. आराखड्यात नसलेला तेरावा सेक्टर २०२० मध्ये मनीमाजऱ्याला बहाल करण्यात आला. क्रमांक मिळाल्याने गटारे रुंद झाली नाहीत, हे खरे. परंतु जुन्या बाजारातील गल्ली आणि त्याच परिसरातील मंडळाची प्रशस्त संकुले यांत केवढे अंतर आहे, हे जाणणाऱ्या खरेदीदाराने ‘मनीमाजरा’ या एका शब्दावरून मत बनवले नसते.

कर्ज मागताना

रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जास घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जास ७५ टक्के ही मर्यादा आहे. मुद्रांक व नोंदणीचा खर्च १० लाखांपर्यंतची घरे वगळता यात धरला जात नाही. तो खिशातून द्यावा लागतो. बँकेचा वकील मालकी तपासतो आणि मूल्यनिर्धारक किंमत ठरवतो. त्यांचा अहवाल प्रतिकूल आला, की अनेक ग्राहक नाराज होऊन खासगी सावकाराकडे वळतात. वस्तुतः तो नकार म्हणजे ग्राहकाला मिळालेला सल्लाच असतो. जी मालमत्ता बँक तारण घेत नाही, ती उद्या विकायला काढली तर पुढच्या खरेदीदारालाही कर्ज मिळणार नाही. गिऱ्हाईक केवळ रोकड असलेले मिळेल, आणि ते भाव पाडूनच मागेल.

बदलीवर नुकत्याच आलेल्या कुटुंबाला आणखी एक मार्ग मोकळा असतो. ज्या वस्तीत घर घेण्याचा विचार आहे, तेथेच अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहावे. करार एप्रिल-मेमध्ये सुरू केला, तर उन्हाळ्यातील पाणीटंचाई, जुलै-ऑगस्टचा पाऊस आणि डिसेंबर-जानेवारीचे दाट धुके हे तिन्ही ऋतू त्यात येतात. मार्चमध्ये घर घ्यायचे की सामान बांधायचे, हे ठरवताना मग दलालाची गरज फक्त किल्ली मिळवण्यापुरती उरते.