‘चालत नाहीये’ म्हणजे नक्की काय होतंय?

ऑफिसात थोडाफार कॉम्प्युटर येणं हा एक गुन्हाच आहे, बॉस! एकदा कुणाचा अडकलेला प्रिंटर सुरू करून दिलात, एक्सेलमध्ये एखादं व्ही-लूकअप मारून दाखवलंत, की पुढच्या महिन्यात कंपनीची वेबसाइट तुमच्या गळ्यात पडलीच म्हणून समजा. ‘तुला येतं ना त्यातलं, जरा बघ की!’ मग मार्केटिंगमधला तो बिचारा किंवा एचआरमधली ती मुलगी रविवारी घरी बसून पीएचपीचे धडे गिरवते. छोटासा एन्क्वायरी फॉर्म बनवते. लॅपटॉपवर तो एकदम झक्कास चालतो. सोमवारी सकाळी सर्व्हरवर चढवला की समोर पांढरंफटक पान. फॉर्म नाही, एरर नाही, काहीच नाही. आणि साहेबांचा निरोप, की अकराला क्लायंट येतोय, नवी साइट दाखवायचीय.

अशा वेळी माणूस काय करतो? ‘त्यातल्या’ दोस्ताला फोन लावतो. दोस्त हिंजवडीत असो नाहीतर न्यू जर्सीत, वाक्य एकच: ‘अरे, साइट चालत नाहीये.’

पलीकडून येणारा प्रश्नही ठरलेला असतो. ‘चालत नाहीये म्हणजे नक्की काय होतंय?’

नवशिक्याला इथे हमखास राग येतो. इथे आग लागलीय आणि हा भाव खातोय! पण तो भाव खात नसतो. डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘बरं वाटत नाहीये’ म्हटलं तर तोही ताप किती, कधीपासून, पोटात काय गेलं, हे विचारणारच ना? फरक इतकाच, की इथे पेशंट स्वतः सगळं लिहून ठेवतो. काय बिघडलं, किती वाजता, कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर. ते कुठे लिहिलंय हे नवशिक्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढाच काय तो घोळ.

सर्व्हरची डायरी

ती डायरी म्हणजे एरर लॉग. अपाची हा सर्व्हर १९९५ पासून चालत आलेला, आजही असंख्य साइट्स त्याच्यावर आहेत. उबुंटू किंवा डेबियनवर त्याची डायरी ‘व्हार’ फोल्डरमधल्या ‘लॉग’मध्ये, ‘अपाचीटू’ नावाच्या कप्प्यात असते. रेड हॅटच्या घराण्यात त्याच कप्प्याचं नाव ‘एचटीटीपीडी’. भाड्याच्या होस्टिंगवर असाल तर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘एरर्स’ किंवा ‘लॉग्ज’ असं एखादं बटण सापडेल. सापडलं नाही तर होस्टिंगवाल्याला फोन करून विचारायचा पहिला प्रश्न हाच: ‘माझा एरर लॉग कुठे दिसेल?’ या प्रश्नावर समोरचा लगेच सावरून बसतो, कारण त्याला दिवसभर ‘साइट चालत नाहीये’ हेच ऐकायची सवय असते.

मग स्क्रीनवर पांढरं पान का? तर चालू साइटवर एरर लोकांना दाखवायची नाही, असं सेटिंग बहुतेक ठिकाणी मुद्दाम ठेवलेलं असतं. आणि ते बरोबरच आहे. एररच्या ओळीत फोल्डरांची नावं असतात, कधी डेटाबेसच्या युजरचं नाव असतं. ते जगाला कशाला दाखवायचं? एरर गायब झालेली नसते, ती डायरीत गेलेली असते.

स्क्रीनवर आकडा दिसला तर तोही वाचायचा असतो. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे ‘तू मागितलंस त्यात गडबड आहे’ आणि पाचशेच्या घरातला म्हणजे ‘माझंच पोट बिघडलंय’. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर तसलं काही नाही. ४०३ म्हणजे आहे, पण तुला देणार नाही. ५०० म्हणजे आत काहीतरी फुटलंय, डायरी बघ. ५०२ आलं तर समोरचा सर्व्हर जागा आहे, पण तो ज्याच्याकडून पान मागवतो त्याच्याकडून धड उत्तर येत नाहीये. नुसता आकडा सांगितला तरी फोनवरच्या दोस्ताचं अर्धं काम होतं.

डायरी वाचण्याच्या दोन खुब्या आहेत. एक, एरर ज्या ओळीवर दाखवलीय त्याच्या आधीची ओळही बघा. अर्धविराम विसरलात ४१ व्या ओळीत, तर पीएचपी बोंब मारतं ४२ व्या ओळीवर. कारण वाक्य संपलं नाही हे त्याला पुढचा शब्द आल्यावरच कळतं. दुसरं, एका चुकीतून पंधरा एरर येतात. त्यातली सगळ्यात आधीची पकडायची. बहुतेक जण शेवटची, सगळ्यात भयानक दिसणारी ओळ पाठवतात आणि तासभर भलतीकडे शोधत बसतात.

‘माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं!’

हे वाक्य शंभर टक्के खरं असतं, आणि गंमत तिथेच आहे. लॅपटॉपवर विंडोज, सर्व्हरवर लिनक्स. विंडोजला ‘लोगो’ हे नाव कॅपिटल अक्षरात लिहिलं काय नि स्मॉलमध्ये लिहिलं काय, दोन्ही सारखंच. लिनक्सला ती दोन वेगळी माणसं. घरी दिसणारे फोटो सर्व्हरवर गायब होतात ते बहुतेक वेळा यामुळे.

त्याहून छळवादी प्रकार म्हणजे ओळीचा शेवट. पूर्वीच्या टेलिप्रिंटरवर नवी ओळ सुरू करायला दोन हालचाली लागायच्या. एक म्हणजे छापणारं डोकं डावीकडे आणायचं, दुसरी म्हणजे कागद एक घर वर सरकवायचा. विंडोज आजही प्रत्येक ओळीच्या शेवटी या दोन्ही खुणा ठेवतं. लिनक्स एकच ठेवतं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘हा प्रोग्राम वापरून मला चालव’ असं लिहिलेलं असतं. विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये त्या नावाला एक न दिसणारं शेपूट चिकटतं, लिनक्स शेपटासकट नाव शोधतं आणि सांगतं, ‘नो सच फाइल’. फाइल तर डोळ्यांसमोर आहे! माणूस वेडा होतो. बऱ्याच एडिटरांच्या तळपट्टीवर सीआरएलएफ किंवा एलएफ असं लिहिलेलं असतं. ते सीआरएलएफचं एलएफ करायचं, सेव्ह करायचं, पुन्हा चढवायचं. उपाय वीस सेकंदांचा, शोधायला मात्र अख्खा रविवार.

मराठी साइट बनवणाऱ्यांचा तर खास कोटा आहे. जुन्या नोटपॅडमध्ये देवनागरी सेव्ह करायचं तर यूटीएफ-८ निवडावं लागायचं. ते निवडलं की नोटपॅड फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट्स गुपचूप बसवायचं. पीएचपीला वाटायचं, पान पाठवायला सुरुवात झाली. मग लॉगिनची कुकी पाठवायची वेळ आली की एरर, ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’. इंग्रजी साइट बनवणाऱ्या मित्राला हे दुखणं कधी झालेलंच नसायचं, तो कपाळ धरून बसायचा. २०१९ पासून नोटपॅडने ही सवय सोडलीय, पण जुन्या फाइलींमध्ये ते तीन पाहुणे अजून ठाण मांडून आहेत.

डेटाबेसचंही तसंच. मायएसक्यूएल २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत मुळात लॅटिन लिपीच गृहीत धरायचं. त्यामुळे जुन्या साइटवर मराठी नावांच्या जागी दोनपैकी एक दृश्य दिसतं. ओळीने प्रश्नचिन्हं, किंवा डोक्यावर तिरकी रेघ घेतलेल्या रोमन ‘ए’ची रांग आणि मधे मधे चित्रविचित्र खुणा. मदत मागताना यातलं नेमकं कुठलं दिसतंय ते सांगा, कारण फरक फार मोठा आहे. तो कचरा दिसत असेल तर मजकूर बहुधा शाबूत आहे, चुकीच्या चष्म्यातून दिसतोय इतकंच. तो परत आणता येतो. पण टेबलातच प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ अक्षरं गेली. ती बॅकअपमध्ये असली तरच परत मिळतील. ग्राहकांच्या दोन हजार नावांची प्रश्नचिन्हं झाली, तर ती ‘जरा दुरुस्त करून दे ना’ म्हणून होत नाहीत!

आणि हो, धडा कुठल्या साली लिहिलाय ते बघत चला. डेटाबेसला जोडण्याची जुनी पद्धत पीएचपी ७ ने २०१५ मध्ये काढून टाकली. त्याआधीच्या पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं उतरवलं तर ‘अनडिफाइन्ड फंक्शन’ येणारच. तुमचं टायपिंग बरोबर असतं, फक्त ते फंक्शनच स्वर्गवासी झालेलं असतं.

७७७ चा झोल

आता जरा सिरियस व्हा. ‘परमिशन डिनाइड’ अशी एरर आली की मदतीला धावणाऱ्या दहांपैकी कुणीतरी एक म्हणतोच, ‘७७७ दे, होऊन जाईल.’ आणि बऱ्याचदा होतंही. म्हणूनच हा सल्ला इतकी वर्षं टिकून आहे.

पण हे ७७७ म्हणजे काय? वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचे १. बेरीज ७, म्हणजे सगळे हक्क. पहिला आकडा मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. म्हणजे ७७७ म्हणजे घराला कुलूप लागत नव्हतं म्हणून दारच काढून ठेवणं. स्वस्तातल्या होस्टिंगवर एकाच मशीनवर शेकडो गिऱ्हाइकं नांदतात. नीट भिंती घातलेल्या नसतील तर शेजारच्या खात्यातून तुमच्या फोल्डरमध्ये कुणीही काहीही लिहून ठेवू शकतं. उलट काही सर्व्हर इतके कडक असतात, की बाहेरच्याला लिहिता येणारी स्क्रिप्ट ते चालवायलाच नकार देतात. तिथे ७७७ दिल्यामुळेच ५०० येतो! साधारणपणे फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ पुरतं. तरी अडत असेल तर फाइलचा मालक कोण आहे ते बघायचं. दुखणं बहुधा तिथेच असतं.

दुसरा झोल मदत मागणारा स्वतः करतो. घाईघाईत अख्खी कॉन्फिगरेशन फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, डेटाबेसच्या पासवर्डासकट. किंवा बदल करण्याआधी शहाणपणाने फाइलची कॉपी ठेवतो, पण त्याच फोल्डरमध्ये आणि नावाला ‘बॅक’ असं शेपूट लावून. शेवटी पीएचपी नसल्यामुळे बरेच सर्व्हर ती फाइल चालवत नाहीत, साधा मजकूर समजून मागेल त्याला वाचायला देतात. कॉपी जरूर ठेवा, पण वेबच्या फोल्डरबाहेर. आणि पासवर्ड चुकून बाहेर गेलाच तर मेसेज डिलीट करून भागत नाही, पासवर्ड बदलावा लागतो.

विचारायचं कसं?

एरिक रेमंड या अमेरिकन प्रोग्रामरने २००१ मध्ये तांत्रिक प्रश्न कसे विचारावेत यावर एक लांबलचक लेख लिहिला. तो आजही लोक नवशिक्यांच्या तोंडावर फेकतात. लेखाचा सूर थोडा शिष्टपणाचा आहे, खोटं कशाला बोला? घाबरलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं, मग शिस्त शिकवावी. पण त्यातली एक गोष्ट सोळा आणे खरी आहे. तुमचा अंदाज सांगू नका, लक्षणं सांगा. ‘बहुतेक व्हायरस आलाय’ किंवा ‘होस्टिंगवाल्यांनीच काहीतरी केलंय’ हे अंदाज झाले. ‘काल संध्याकाळी चालत होतं, त्यानंतर मी अमुक फाइल बदलली, आता फॉर्म पाठवला की ५०० येतो, लॉगमधली ओळ ही’, ही लक्षणं झाली. लॉगची ओळ कॉपी-पेस्ट करा, मोबाइलने स्क्रीनचा तिरका फोटो नको. फोटोतली ओळ कॉपी करून शोधायची कशी?

असा मेसेज टाइप करता करता अनेकदा उत्तर आपोआप सापडतं. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या पुस्तकात टेबलावरच्या रबरी बदकाला आपला कोड ओळीने समजावून सांगण्याचा फंडा आहे. आपल्याकडे बदक नसलं तरी चहाच्या टपरीवर सोबत आलेला, यातलं काडीचंही न कळणारा कलीग चालतो. त्याला सांगताना ‘आणि मग मी ही फाइल... अरेच्चा!’ असं होतं. त्याच्या चहाचे पैसे तुम्ही द्या.

२०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून रात्री दोन वाजताही न वैतागणारा मदतनीस मिळालाय. नवशिक्यांसाठी ही चैनच आहे, कारण ‘एवढंही येत नाही का?’ असं तो म्हणत नाही. मात्र तुम्ही दाखवल्याशिवाय तुमचा सर्व्हर त्याला दिसत नाही. ‘साइट चालत नाहीये’ एवढंच सांगितलंत तर तो दहा शक्यतांची यादी देतो, आणि नवशिक्या त्या दहाही एकापाठोपाठ एक करून बसतो. मग मूळ दुखणं कुठलं नि उपायाने झालेलं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल, आणि नाही जमला तर तो मागे घेऊन मग पुढचा. त्याने सुचवलेला ७७७ सुद्धा ७७७ च असतो, बरं का!

साइट सुरू झाली, क्लायंट खूश होऊन गेला, की दोस्ताला नुसतं ‘झालं रे, थँक्स’ टाकून गायब होऊ नका. नेमकं काय निघालं ते दोन ओळींत कळवा. त्या तीन अदृश्य बाइट्सपायी त्यानेही आपला लंच अवर घालवलेला असतो, आणि पुढच्या सोमवारी त्याला दुसऱ्या कुणाचा तरी फोन येणारच असतो.